निवृत्तीनंतर दोघांनी शिडाच्या होडीवर राहायचं आहे, होडी कोणती घ्यावी?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकदा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही बँकेतून आणि वहिनी शाळेतून यंदाच निवृत्त झालात. मुलुंडचा फ्लॅट विकायचा, तीस-बत्तीस फुटांची शिडाची होडी घ्यायची आणि मुंबई ते गोवा या पट्ट्यात बारा महिने तिच्यावरच राहायचं, असा तुमचा बेत आहे. तुम्ही स्वतः मित्राच्या होडीवर मांडव्यापर्यंत जाऊन आला आहात, वहिनींनी अजून सुकाणू हातात घेतलेलं नाही. विचारलंय ते असं: होडी कोणती घ्यावी आणि पैसे किती बाजूला ठेवावेत.

आम्ही नवराबायको बरीच वर्षं मुंबईहून शिडाच्या होडीने कोकण किनाऱ्यावर फिरतो आहोत. नोकऱ्या होत्या तोवर सुट्ट्यांपुरतं, आता थंडीचे महिने सलग. त्या अनुभवावरून सांगते, होडी कोणती हा तुमचा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, जून ते सप्टेंबर ती होडी कुठे असणार? दुसरा, तुमच्यापैकी एकजण तापाने किंवा पाठीच्या उसणीने आडवा झाला, तर दुसऱ्याला ती होडी एकट्याने बंदरात आणता येईल का? या दोन्हींची उत्तरं हातात आली की होडीची लांबी, तिची पाण्याखालची खोली, शिडांची मांडणी हे सगळं बरंचसं आपोआप ठरतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कडक आहे. आपल्या किनाऱ्यावर बारमाही होडीवर राहता येत नाही. नैऋत्येचा पावसाळी वारा लागला की कोकणातल्या बहुतेक बंदरांत लाट थेट आत येते, कारण त्यांची तोंडं पश्चिमेला उघडी आहेत. खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात, त्यांच्यावर ती फुटते आणि आत शिरायची वाटच बंद होते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, गेटवे-मांडवा लाँचसुद्धा पावसाळ्यात थांबतात. कोळी आपल्या होड्या वर ओढून शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावर पुन्हा बाहेर पडतात. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या समुद्राचंच ज्ञान आहे ती माणसं थांबतात, तिथे आपण थांबायचंच. शिवाय पावसाळ्याच्या दोन्ही कडा वादळांच्या आहेत. फयान नोव्हेंबर २००९ मध्ये आलं, निसर्ग ३ जून २०२० ला अलिबागजवळ किनाऱ्याला धडकलं, तौक्ते १७ मे २०२१ ला मुंबईच्या जवळून वर गेलं. आम्ही नोव्हेंबर सरता सरता निघतो आणि एप्रिलच्या मध्याला होडी ठिकाणावर लावतो. मे महिना समुद्रावर कितीही शांत दिसला तरी त्याच्यावर भिस्त ठेवत नाही.

तेव्हा फ्लॅट विकू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. वर्षातले सात-आठ महिने तुम्हाला कोरड्या भिंती लागणार आहेत, आणि पासष्टीनंतर दवाखाना, डॉक्टर, मुलंबाळं जिथे आहेत तिथलं घर हाताशी असणं किती मोलाचं आहे ते आत्ता जाणवणार नाही.

होडी पावसाळ्यात ठेवायला तीन वाटा आहेत. मुंबईच्या आसपासच्या एखाद्या यार्डात ती क्रेनने बाहेर काढून, डोलकाठी उतरवून, शिडं आणि बॅटऱ्या घरी आणून ठेवायची. गोव्यात नदीकाठी होड्या बांधणारे यार्ड आहेत, नौदलाची शिडाची होडी म्हादेई तिथलीच. तिथे दुरुस्तीला जाणकार हातही मिळतात. तिसरी वाट कोचीची, बोलगाट्टी बेटावर मरीना आहे. पण मुंबईपासून ते अंतर साडेपाचशे नॉटिकल मैलांच्या वर आहे (पुढेही मैल म्हणजे हाच सागरी मैल), पहिल्या वर्षात तिकडे बघू नका. यातली कोणतीही वाट असो, जागेचा शब्द होडी विकत घेण्याआधी मिळवा. मुंबईत जागेची किती ओढाताण आहे ते तुम्हाला सांगायला नको. अपोलो बंदरासमोर ज्या होड्या दिसतात त्या बहुतेक क्लबांच्या मूरिंगवर, म्हणजे पाण्यात होडी बांधायच्या कायमच्या जागेवर असतात आणि त्यासाठी क्लबाचं सभासदत्व लागतं.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा.

बहुतेक जोडप्यांत एकाला हौस असते आणि दुसरा साथ देतो. हौस असलेला सुकाणू धरतो, इंजिन बघतो, नकाशा वाचतो; दुसरा दोर ओढतो आणि चहा करतो. उन्हाळी हवेत हे छान चालतं. पण हर्णैच्या बाहेर चार मैलांवर सुकाणू धरणारा माणूस जर चक्कर येऊन पडला, तर होडीवर उरतो तो प्रवासी. म्हणून माझं मोजमाप साधं आहे: दोघांपैकी ज्याला कमी येतं त्याला जेवढं जमतं, तेवढाच तुमचा प्रवास. वहिनींना मांडव्यापर्यंत एकट्याने होडी नेता येत असेल, तर तुमचा किनारा सध्या मांडव्यापर्यंत. त्यांचा हात जसा बसेल तसा तो दक्षिणेकडे वाढेल.

यासाठी त्यांनी तुमच्याकडून शिकू नये. नवऱ्याकडून गाडी शिकलेल्या बायकांना कारण माहीत आहे. मुंबई बंदरात शिडाच्या होड्या शिकवणारे वर्ग आहेत, तिथे त्यांनी स्वतंत्र नाव घालावं, छोट्या होडीपासून सुरुवात करावी आणि तुम्ही त्या दिवशी घरी थांबावं. छोट्या होडीत वारा थेट अंगाशी कळतो. मोठ्या होडीत तो आकड्यांत कळतो, आणि आकड्यांवरून शिकलेलं अडचणीच्या वेळी सुचत नाही.

पाण्यात पडलेल्या माणसाला वर घेणं ही एकच गोष्ट जरा खोलात सांगते, कारण तिच्याकडे लोक दुर्लक्ष करतात. समजा तुम्ही पडलात. वहिनींनी आधी ओरडून वाऱ्यासमोर होडी फिरवायची, वर्तुळाकार बोया फेकायचा, जीपीएसवरचं जागा नोंदवायचं बटण दाबायचं आणि नजर तुमच्या डोक्यावरून काढायची नाही. इथपर्यंत सराव बहुतेक जण करतात. पुढे होडी तुमच्या शेजारी आणून उभी केली, तरी भिजलेले पंचाहत्तर किलो वर उचलायचे कसे? हाताने ते कुणालाच जमत नाही, तरण्या माणसालाही नाही. त्यासाठी कप्प्यांचा दोर आधीपासून तयार असावा लागतो, किंवा मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, वर चढवायचा दोर सोडवून तुमच्या जॅकेटच्या पट्ट्याला अडकवायचा आणि विंच, म्हणजे दोर ओढायचं चक्र, फिरवून तुम्हाला वर घ्यायचं. तीनचार मिनिटं लागतात, दम लागतो, पण साठीची बाईमाणूस ते करू शकते, मी करते. दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला मांडव्याजवळच्या शांत पाण्यात आम्ही आळीपाळीने एकमेकांना असं वर घेतो. हे ज्या होडीवर जमत नाही ती होडी घेऊ नका, बाकी ती कितीही सुंदर असो. आणि मुळात पडूच नये म्हणून कॉकपिटमधून, म्हणजे सुकाणूजवळच्या बसायच्या जागेतून, पुढे जाताना अंगावरचा पट्टा होडीला अडकवलेला हवा, दिवसाढवळ्याही.

दिवस कसा आखायचा हे वाऱ्यावर आणि तिथीवर आहे. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, साधारण दहा-अकराला तो मरतो, दुपारी वायव्येकडून खारा वारा उठतो आणि तीन-चारपर्यंत चांगला जोर धरतो. दक्षिणेला जाताना हे फार सुखाचं असतं: पहाटे मतलईवर बाजूच्या वाऱ्याने निघायचं, दुपारी वायव्य वारा पाठीमागून येतो. परत येताना तोच वारा तोंडावर. म्हणून उत्तरेकडे आम्ही उजाडताच नांगर उचलतो, किनाऱ्याच्या कडेने इंजिन आणि शीड दोन्ही लावून चालतो आणि एकच्या आत कुठेतरी आडोशाला लागतो. गोव्याला जायला जितके दिवस लागले, परतीला त्याच्या दीडपट धरा.

तिथीचं गणित तुमच्या घरात कुणाला माहीत असेल. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. मुंबईसाठी हे ढोबळमानाने बरोबर येतं, दक्षिणेला भरती थोडी आधी लागते. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकातूनच घ्यायची, पण या हिशेबातून एक मोठी गोष्ट लक्षात येते. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास भरती, म्हणजे तीन-चारला ओहोटीचा लोंढा खाडीतून बाहेर पडत असतो आणि त्याच वेळी वायव्य वारा आत येत असतो. दोन्ही समोरासमोर आले की दाभोळ किंवा बाणकोटसारख्या मुखाशी पाणी उभं राहतं, आखूड आणि उंच लाटा होतात. अष्टमीच्या आसपास उलट: भांगाचं पाणी, म्हणजे चढउतार लहान, ओढ कमी, आणि दुपारी तीनला भरती चढत असते. शिवाय सूर्य पश्चिमेला, तुमच्या पाठीशी, त्यामुळे पुढचं पाणी, जाळ्यांचे बोये, खडक स्वच्छ दिसतात. म्हणून नव्या खाडीत पहिल्यांदा शिरायचं ते सप्तमी ते दशमीच्या दरम्यान, चढत्या पाण्यात. उधाणाचे दिवस नांगरावर बसून वाचन करायचं, किंवा मुक्काम बाणकोटला असेल आणि फेब्रुवारी-मार्च असेल तर वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला जायचं.

रात्रीचा प्रवास दोघांच्या होडीने टाळावा. मुंबईपासून रायगडच्या किनाऱ्यापर्यंत डोल जाळ्यांचे खुंटे आणि दोर पसरलेले असतात, त्यावर दिवा असेलच असं नाही. दोर पंख्यात गुंतला की इंजिन बंद, आणि अंधारात पाण्यात उतरून तो कापायचं तुमचं-आमचं वय नाही. अलिबागसमोर चौल कडूचा खडक आहे, मालवणभोवती तर पाण्याखाली पाथरच पाथर. तिथे स्थानिक तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, सोबत घ्या किंवा त्याच्या होडीमागून जा. कोळी बांधवांना आदराने विचारलंत की ते हातचं राखत नाहीत; कुठे जाळी, कुठे गाळ, कुठे वाळू सरकली आहे, हे नकाशापेक्षा त्यांना अलीकडचं माहीत असतं.

सोयीचे टप्पे असे पडतात. मुंबईहून रेवदंडा, मग मुरूड-राजपुरी. तिथून हर्णै तीसएक मैल, तेवढंच पुढे जयगड. जयगडची खाडी खोल आणि आडोशाची, थकलेल्या माणसाला तिथे छान झोप लागते. मग रत्नागिरी वीसएक मैल, विजयदुर्ग पंचवीस-सव्वीस, देवगड अगदी जवळ, मालवण, आणि मग पणजी. एकूण सव्वादोनशे मैलांच्या आसपास. आपल्या होडीचा सरासरी वेग ताशी पाच मैल धरा, म्हणजे कुठलाच टप्पा उजेडाबाहेर जात नाही. विजयदुर्गाच्या तटाखाली वाघोटण खाडीत संध्याकाळी नांगर पडतो, इंजिन बंद होतं आणि तासाभराने पाण्यात हात घातला तर निळा उजेड हलतो. त्या एका तासासाठी वर्षभर हिशेब करावा, असं मला अजूनही वाटतं.

नांगराचा हिशेब मात्र मनात पक्का बसवा, कारण मुंबईतलं पाणी उधाणाला चार मीटरच्या वर चढतं आणि बाहेरून आलेल्या पुस्तकांत एवढ्या चढउताराचं उदाहरण क्वचित असतं. ओहोटीला होडीखाली तीन मीटर पाणी, त्यात भरतीचे चार, होडीचं नाक पाण्यापासून एक मीटर वर, झाले आठ. त्याच्या पाचपट, चाळीस मीटर साखळी सोडायची. ओहोटीला मात्र तीच चाळीस मीटर साखळी उथळ पाण्यात पसरलेली असते, होडी मोठ्या वर्तुळात फिरते, म्हणून शेजारच्या होडीपासून त्या हिशेबाने लांब थांबायचं. मालवणला चढउतार निम्म्याच्या आसपास येतो. ही साखळी हाताने ओढू नका, विद्युत विंडलास, म्हणजे साखळी ओढायचं यंत्र, बसवूनच घ्या. त्यासाठी शिडांचा एक जोड कमी घेतला तरी चालेल, पाठीचा कणा बदलून मिळत नाही.

आता होडी. दोन माणसांना, आपल्या वयाला, अठ्ठावीस ते बत्तीस फूट पुरे. तुमच्या डोक्यात जागेचा विचार आहे, पण प्रत्येक वाढत्या फुटाबरोबर शीड जड होतं आणि वहिनींचं एकटीने होडी सांभाळणं लांब जातं. पुढचं शीड गुंडाळणारं, मेनसेलची दोरी कॉकपिटपर्यंत आणलेली, ऑटोपायलट चांगल्यापैकी, आणि डिझेलचं आतलं इंजिन, ज्याचे सुटे भाग मुंबईत मिळतात. पाण्याखालची खोली दीड मीटरच्या आत ठेवा. दोन कील, म्हणजे तळाखाली दोन जड पाती, असलेली होडी मिळाली तर ती ओहोटीला चिखलात सरळ बसते, आपल्या खाड्यांत त्याचा मोठा उपयोग होतो. वाऱ्याच्या तोंडावर ती जरा मंद चालते, तेवढं चालवून घ्या. एक गोष्ट पाहणीच्या वेळी वहिनींनी स्वतः करून बघावी: छोट्या डिंगीतून होडीवर चढणं, आणि ओहोटीला डिंगीतून जेट्टीच्या पायऱ्या चढणं. त्या पायऱ्यांवर शेवाळ आणि कालवांची धार असते, वर कठडा नसतो, आणि पाणी उतरलेलं असताना त्या दीड मजला उंच होतात. कित्येक जोडप्यांचा हा बेत समुद्रामुळे नव्हे, गुडघ्यांमुळे थांबतो. आणि स्वयंपाकाच्या गॅसची गळती होडीत सगळ्यात खाली साचते, कारण तो हवेपेक्षा जड असतो. सिलिंडर बाहेर, स्वतंत्र कप्प्यात, वापर झाला की तिथेच बंद.

पैशांचं तुमच्या परिस्थितीवर आहे. सरधोपट हिशेब असा की होडीच्या किमतीच्या दहा टक्के दरवर्षी देखभालीला जातात. जुन्या होडीला त्याहून जास्त, कारण किंमत कमी असते पण डोलकाठी आणि इंजिन तेवढंच मोठं असतं. तुमच्या निवृत्तीच्या रकमेपैकी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त होडीत घालू नका. बाहेरून आणलेल्या होडीवरचं आयात शुल्क जड असतं, म्हणून इथे आधीच असलेली आणि कागद स्वच्छ असलेली होडी शोधा. पाहणी करणारा सर्व्हेअर तुम्ही नेमलेला असावा, विकणाऱ्याने सुचवलेला नको.

कागदांबद्दल थोडंच. नोंदणी आणि विमा पक्का असावा, महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आधी जाऊन विचारावं. २००८ नंतर किनाऱ्यावर तपासणी कडक आहे आणि ती योग्यच आहे. प्रत्येक मुक्कामी बंदर निरीक्षकाला किंवा सागरी पोलीस ठाण्यात कळवलं की माणसं मदतच करतात. परवान्याशिवाय उपग्रह फोन होडीवर ठेवू नका, तो गुन्हा आहे. व्हीएचएफ रेडिओवर चॅनेल १६ लावून ठेवा, तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक दोघांनाही पाठ हवेत. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइसचा लाटांचा अंदाज रोज सकाळ-संध्याकाळ बघायचा.

तब्येतीचं एक सांगते. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा की तुम्ही काही दिवस दवाखान्यापासून पाच-सहा तास लांब असाल, आणि त्या हिशेबाने औषधं लिहून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डोक्याला लागलेला साधा मारही गंभीर असतो, आणि होडीवर बूमचा, म्हणजे मुख्य शिडाखालच्या आडव्या दांड्याचा, मार डोक्यालाच लागतो. कोकण रेल्वे हा आपला मोठा आधार आहे: चिपळूण, रत्नागिरी, कणकवलीहून रात्रीची गाडी पकडली की सकाळी मुंबई. आम्ही टप्पे आखताना रिक्षाने स्टेशन किती लांब हेही लिहून ठेवतो.

तुमच्या जागी मी असते तर पहिल्या हंगामात होडी घेतलीच नसती. दोघांनी वेगवेगळं शिकावं, क्लबांच्या रविवारच्या शर्यतींना माणसं लागतात तिथे खलाशी म्हणून जावं, गोव्यापर्यंत होडी पोचवणाऱ्या कुणाबरोबर एक फेरी करावी. दुसऱ्या वर्षी भाड्याने, मांडवा ते मुरूड एवढ्याच पाण्यात, सलग पंधरा दिवस होडीवर झोपावं. त्या पंधरा दिवसांत कळतं की छोट्या जागेत एकमेकांचं घोरणं, ओले कपडे आणि मोजून मिळणारं पाणी तुम्हाला चालतं का. चालत असेल तर तिसऱ्या वर्षी घ्या, आणि तोवर कोणती घ्यायची ते तुम्हीच मला सांगाल.

तुमची उंची, वहिनींच्या गुडघ्यांची अवस्था आणि पावसाळी जागेसाठी कुणाशी बोलणं झालंय का, एवढं कळवलंत तर लांबी आणि कीलबद्दल आणखी नेमकं लिहीन. आणि पुढचा प्रश्न वहिनींनी स्वतः विचारला तर मला जास्त आवडेल.